प्रति: कॉम्प्रेसर सुरू होताना एमसीबी पडतो

हवेचा कॉम्प्रेसर सुरू होताना २० ॲम्पियरचा एमसीबी (जास्त करंट गेला की आपोआप बंद होणारा स्विच) पडतो, या प्रश्नावर ३२ चा टाका, असं एका उत्तरात सुचवलंय. कृपा करून असं करू नका. एमसीबी वायरीच्या रक्षणासाठी असतो, वायर २.५ चौरस मिलिमीटरचीच ठेवलीत तर आधी ती तापेल. इथे अंतराचा मुद्दा आलाच नाही. पुण्याजवळ नऱ्ह्यातल्या माझ्या शेडमध्ये मीटरपासून कॉम्प्रेसर ३० मीटरवर आहे. सिंगल फेज ३ एचपीची मोटर चालताना साधारण १५ ॲम्पियर घेते, सुरू होताना पाचपट. २.५ च्या वायरीत, जाऊन-येऊन ६० मीटर तांब्यात, तेव्हा ३० व्होल्ट वायरीतच जातात, आणि टॉर्क (मोटरची फिरवायची ताकद) व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो. मोटर वेग न घेता नुसती घुं घुं करायची, सुरुवातीचा जास्त करंट घेत राहायची आणि एमसीबी पडायचा. ६ चौरस मिलिमीटरची वायर ओढल्यावर घट १५ व्होल्टच्या आत आली आणि मोटर पहिल्या झटक्यात उचलायला लागली.

खर्चाआधी एक मात्र बघा: मोटर थांबल्यावर प्रेशर स्विचपाशी (टाकीतल्या दाबानुसार मोटर चालू-बंद करतो तो) हवा सुटल्याचा फुस्स आवाज येतो का? येत नसेल तर अनलोडर व्हॉल्व्ह (मोटर थांबताच पंपावरची दाबाची हवा सोडणारा) बहुधा अडकलाय आणि मोटर डोक्यावर दाब घेऊन सुरू होतेय. तो साफ करायला अर्धा तास पुरतो, पण टाकी पूर्ण रिकामी करून आणि मेन बंद करूनच.