ऑस्पिशस: शुभ, मंगल की शकुनाचा?

इंग्रजी 'ऑस्पिशस'चा अर्थ आपण 'शुभ' असा लावतो आणि तो बरोबरच आहे. पण हा शब्द मुळात पक्ष्यांचा आहे. लॅटिनमध्ये 'आविस' म्हणजे पक्षी, 'स्पेकेरे' म्हणजे पाहणे. त्यांवरून 'आउस्पेक्स': पक्ष्यांकडे पाहून देवांचा कौल सांगणारा.

रोमन लोक हा कौल घेतल्याशिवाय लढाईला किंवा सभेला हात घालत नसत. मोहिमेवर तर खास कोंबड्या बरोबर नेत. त्यांनी दाणे अधाशासारखे टिपले की शकुन उत्तम. इ. स. पू. 249 मध्ये सिसिलीतल्या द्रेपानाच्या लढाईआधी कोंबड्या खाईनात. तेव्हा सेनापती पुब्लियस क्लॉडियस पुल्खरने 'खात नाहीत, तर पिऊ देत' म्हणत त्या समुद्रात फेकल्या, अशी कथा आहे. लढाई तो सपशेल हरला.

कौल घेण्याचा अधिकार सरसेनापतीचा. त्यामुळे हाताखालच्या सरदाराने लढाई जिंकली तरी ती सरसेनापतीच्या 'ऑस्पिसेस'खाली, म्हणजे त्याने घेतलेल्या कौलाखाली, जिंकली असे धरत. आपण 'अमुक संस्थेच्या विद्यमाने' म्हणतो, तिथे इंग्रजीत हाच शब्द येतो, तो या वाटेने.

आता आपला 'शकुन' पाहा. संस्कृतात शकुन म्हणजे आधी पक्षीच. शकुनी, शकुंत हे त्याचेच भाऊबंद. ऋग्वेदाच्या दुसऱ्या मंडलातली 42 आणि 43 ही सूक्ते अशाच शकुनाच्या पक्ष्याला उद्देशून आहेत, आणि त्यांत त्याला घराच्या उजवीकडून साद घालायला विनवले आहे. रोमन मात्र डावी बाजू शुभ मानत! दसऱ्याला नीलकंठ दिसावा, घराबाहेर पडताना भारद्वाज दिसावा, ही आपल्याकडची आस याच जातीची.

'शकुन' आणि 'ऑस्पिशस' एकाच धातूचे नाहीत, एवढे मात्र लक्षात ठेवावे. नाते आहे ते लॅटिन शब्दाच्या दोन तुकड्यांचे: 'आविस' हा संस्कृत 'वि' (पक्षी) याचा सगोत्र, आणि 'स्पेकेरे' हा 'पश्यति'चा.

म्हणून भाषांतर करताना नुसता मुहूर्त किंवा समारंभ असेल तर 'शुभ', 'मंगल' पुरे. पण पुढे काय घडणार याची चाहूल अभिप्रेत असेल, तर मी बेलाशक 'शुभशकुनाचा' लिहीन. 'मंगल'मध्ये ती चाहूल नाही.