म्युनिकहून लेशला गाडीने जायचंय, कोणता रस्ता घ्यावा?

बर्फवाट:
नमस्कार मंडळी, फेब्रुवारीत आठवडाभर ऑस्ट्रियात आर्लबर्गच्या लेशला स्कीइंगला जायचंय, शनिवारी सकाळी निघू, गाडीत आम्ही दोघं, चार वर्षांची लेक आणि भारतातून आलेले आईबाबा. मॅपवर तीन रस्ते दिसतायत. सगळ्यात जवळचा रॉयटेवरून वार्थ आणि तिथून लेश, दुसरा गार्मिश, फर्नपास, लांडेक, सांक्ट आंटोन असा आणि तिसरा मेमिंगेन, ब्रेगेंझ, ब्लुडेंझवरून, तो बराच लांब पडतो. मला पहिलाच बरा वाटतोय, पण बर्फात गाडी चालवलीय ती फक्त शहरात, घाटात एकदाही नाही, त्यामुळे धाकधूक आहे. टायर विंटरचे आहेत, बर्फासाठी चाकांवर चढवायच्या साखळ्याही घ्यायला लागतील का?

उंचडोंगर:
पहिला रस्ता आधी डोक्यातून काढून टाका!! वार्थ ते लेश हा छोटासाच तुकडा आहे पण हिमस्खलनाच्या धोक्यामुळे हिवाळाभर बंद असतो, तुम्ही आत्ता ऑक्टोबरात बघताय म्हणून मॅप तो उघडा दाखवतोय. दरवर्षी कोणी ना कोणी वार्थपर्यंत जातं आणि तिथे फाटक बघून मागे फिरतं, आणि मग लेश डोळ्यासमोरच्या डोंगरामागे असूनही भलामोठा वळसा घालावा लागतो. स्की घालून मात्र वार्थहून लेशला जाता येतं, २०१३ पासून लिफ्टने जोडलंय.

सोनचाफा७:
आम्ही फर्नपासने एकदा गेलो, शनिवारीच, आणि तेवढं पुरे झालं. पास म्हणजे घाट फक्त १२०० मीटर उंचीच्या आसपास आहे, चढ काही भयंकर नाही, पण शनिवारी सगळ्या हॉटेलांत जुने पाहुणे जायची आणि नवे यायची वेळ असते, एक लेन जायला एक यायला, त्यामुळे गाड्यांची रांग हलतच नाही, लेक मागे रडत होती आणि बाहेर काढायलाही जागा नाही. मॅप मधल्या गावांतून शॉर्टकट सुचवतो, त्या भागात वीकेंडला बाहेरच्या गाड्यांना तिथे वळायला बंदी असते, वळू नका. ब्रेगेंझचा रस्ता लांब असला तरी लांगेनपर्यंत जवळपास सगळा मोठा रस्ता आहे, लहान मूल आणि म्हातारी माणसं असताना मी डोळे झाकून तोच घेईन.

उंचडोंगर:
+१. त्या बाजूने आलात तर आर्लबर्गचा १४ किमीचा बोगदाही लागत नाही (त्याचा टोल विनिएटमध्ये, म्हणजे ऑस्ट्रियाच्या हायवेसाठी ठराविक दिवसांचा जो टोल-पास घ्यावा लागतो त्यात, येत नाही, वेगळा भरावा लागतो), बोगद्याच्या आधी लांगेनला बाहेर पडायचं, श्टुबेनवरून आल्पे राउझ आणि तिथून फ्लेक्सेनपास. विनिएट सीमेपासून होहेनेम्सपर्यंत लागत नाही पण पुढे लागतंच, दहा दिवसांचं घेतलं की जाणं-येणं दोन्ही होतं.

मात्र फ्लेक्सेन टाळता येत नाही, ब्रेगेंझकडून या नाहीतर सांक्ट आंटोनकडून. १७७३ मीटर उंच, बऱ्याच ठिकाणी वर छप्पर बांधलेला रस्ता आहे, पण खूप बर्फ पडला की बंद करतात आणि लेशला जायला दुसरी वाटच उरत नाही. जानेवारी २०१९ मध्ये असंच गाव तुटलं होतं. म्हणून निघायच्या दिवशी सकाळी आणि परत ब्लुडेंझच्या आधी थांबून, रस्ता उघडा आहे का ते बघाच. बंद असेल तर खालीच एखाद्या गावात रात्र काढायची, वर जाऊन रांगेत थांबायचं नाही.

चाकवाला:
साखळ्या घ्याच. ऑस्ट्रियात १ नोव्हेंबर ते १५ एप्रिल बर्फाळ रस्त्यावर विंटर टायर सक्तीचे आहेत आणि नक्षी किमान ४ मिमी हवी, ती मोजून घ्या. टायरवर डोंगर आणि हिमकणाचं चिन्ह आहे ना तेही बघा, जर्मनीत ऑक्टोबर २०२४ पासून टायरवर नुसतं एम अधिक एस (M+S) हे जुनं चिन्ह असून चालत नाही. निळ्या गोल पाटीवर साखळीचं चाक दिसलं की साखळ्या लावल्याशिवाय पुढे जायचं नाही. आणि घरी कोरड्या जागेत दोनदा तरी लावून बघा, जी चाकं गाडी ओढतात त्यांनाच लावायच्या. पहिल्यांदाच अंधारात, गार पडलेल्या बोटांनी लावायची वेळ आली तर फार हाल होतात.

बर्फवाट:
खूप खूप आभार! ब्रेगेंझ नक्की. शनिवारऐवजी रविवारी सकाळी निघता येईल का ते हॉटेलला आजच विचारते, आणि साखळ्या या वीकेंडलाच गॅरेजमध्ये लावून बघतो आम्ही दोघं.

सोनचाफा७:
रविवार मिळाला तर उत्तमच. आईबाबांसाठी गाडीत पांघरूण, पाणी आणि खाणं हाताशी ठेवा, डिकीत बॅगांखाली नको. साखळ्याही सगळ्यात वर.