कॅलिफोर्निया: निलंबन थांबलं, पंक्तिप्रपंच थांबला का?

सॅनहोजेकर: कालच्या धाग्यात कुणीतरी ठोकून दिलं, "उद्धटपणाला निलंबन बंद, आता वर्ग म्हणजे मासळीबाजार." अहो, कायदा तरी वाचा! शिक्षण संहितेच्या कलम 48900 मधल्या एकट्या (के), म्हणजे उद्धटपणाच्या, पोटकलमाखाली निलंबन करायला बंदी आहे. मारामारी, चाकू, गांजा यांना निलंबन आहेच. 2015 पासून तिसरीपर्यंत, 2020 पासून आठवीपर्यंत, जुलै 2024 पासून बारावीपर्यंत. टोपी काढली नाही, उलट बोलला, हे 'उद्धट' की नाही ते समोरच्या शिक्षकाच्या मर्जीवर. 2013-14 ला अमेरिकेतल्या सरकारी शाळांत कृष्णवर्णीय मुलं 15.5 टक्के, निलंबितांत मात्र 39.

खडूपट्टी: आकडे पाठ आहेत हो. (के) बंद, मग तोच मुलगा (आय)खाली, म्हणजे 'सततची शिवराळ भाषा'. तक्ता सुधारला, पोरगा घरीच! आणि "आज जरा लवकर घेऊन जा" हा फोन? त्याची तर नोंदच नाही.

सॅनहोजेकर: त्या फोनवर लगेच ईमेल टाकायचा: हे निलंबन आहे का? असेल तर कोणतं पोटकलम? विशेष शिक्षणाचा आराखडा असलेल्या मुलाचे असे दिवस तर वहीत मांडाच. सलग 10 शालेय दिवसांपलीकडे गेलं, किंवा तुकड्यातुकड्यांत तोच प्रकार दिसला, तर वर्तन अपंगत्वातून आलं का हे ठरवायला 10 शालेय दिवसांत बैठक घ्यावी लागते.

तिरकस: म्हणजे पालकांनी वकिली शिकायची. ज्याला इंग्रजी ईमेल जमत नाही त्याचं पोर तसंच घरी. हाच तर तुमचा भेदभाव!

सॅनहोजेकर: हे मात्र खरं, नाइलाजाने मान्य.

खडूपट्टी: आणि शिक्षकाने काय करायचं, पोराची आरती ओवाळायची?

सॅनहोजेकर: त्याच संहितेचं कलम 48910 वाचा. उद्धटपणासाठीसुद्धा शिक्षक त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी आपल्या वर्गाबाहेर काढू शकतो. मुख्याध्यापकांना लगेच कळवायचं, पालकांना भेटीला बोलवायचं. नाहीतर मुलाला कार्यालयाकडे पाठवा. काय केलं ते त्यांनी 5 कामकाजी दिवसांत नोंदवून तुम्हाला कळवायचं असतं.

खडूपट्टी: कळवतात ना. "समज दिली." दोन शब्द. समुपदेशक नाही, दोन्ही बाजूंना समोरासमोर बसवायला मोकळी खोली नाही. पैसा न देता कायदा केला की कागदच सुधारतो.

सॅनहोजेकर: मग पैसा मागा, (के) कशाला परत मागता?

तिरकस: सहावी ते बारावीची बंदी 1 जुलै 2029 ला आपोआप संपतेय. तोवर भांडा निवांत.