किलोमीटर फिरतात, काटा शून्यावर: केबल बदलू नका
तुमच्या जुन्या मारुती ८०० च्या स्पीडोमीटरचा काटा हलत नाही, पण किलोमीटर पुढे सरकतात म्हणता. दोन्ही एकाच केबलवर चालतात, म्हणजे केबल आणि गिअरबॉक्सचं पिनियन (केबल फिरवणारं छोटं दातेरी चाक) शाबूत आहेत. दोष मीटरमध्येच: केबलनं फिरणाऱ्या चुंबकाभोवतीची, काटा हलवणारी ॲल्युमिनियमची वाटी बहुतेक अडकलीय. केबलवर पैसे घालू नका.

काटा आणि किलोमीटर दोन्ही बंद असते तर मीटरमागून केबल सोडून गाडी न्यूट्रलमध्ये ढकलून बघा म्हटलं असतं. आतली तार फिरली नाही तर ती तुटलेली किंवा पिनियन झिजलेलं.

काटा थरथरत असेल तर बहुतेक केबलमधलं ग्रीस सुकलंय, नागपूरच्या उन्हात तर सुकतंच. तार ओढून काढा, रॉकेलनं धुवा, ग्रीसचा पातळ हात द्या. मीटरकडची शेवटची १५ सेंटीमीटर मात्र कोरडीच ठेवा, नाहीतर ग्रीस वर चढून चांगलं मीटर बिघडतं. बसवताना डॅशबोर्डमागे तीव्र वळण नको.