मदत हवी आहे: इंग्रजीत 'किंचित'ला पर्यायी शब्द

आमसूल:
नमस्कार मंडळी,
मालवणजवळ आमचं घरगुती काम आहे. आगळ, आंबापोळी, सांडगी मिरची, एवढंच. यंदा इंग्लंडात लेस्टरच्या एका दुकानदाराने माल मागवला आणि चवीचं वर्णन इंग्रजीत हवं म्हणाला. मराठीत मी एका बैठकीत लिहिलं: आगळ आंबट, किंचित खारट, मागाहून जराशी तुरट. आंबापोळी गोड, थोडी आंबूस, रंगाने तांबूस. मिरची बेताची तिखट, ताकाची पुसट चव.

इंग्रजी करायला बसले तर जिकडेतिकडे 'स्लाइटली'! तीन लेबलांवर सात वेळा. मुलगा म्हणतो, "आई, हे लेबल आहे की लॅबचा रिपोर्ट?" मग दोन ठिकाणी 'अ बिट' घातलं, दोन ठिकाणी 'लिटल'. आता आगळावर 'अ बिट सॉल्टी' आणि आंबापोळीवर 'लिटल शुगर अ‍ॅडेड' असं आहे. शब्दकोशात सगळ्यांचा अर्थ 'थोडे, किंचित'. मग कुठला कुठे वापरायचा हे ठरवतात कसं? सोमवारी लेबलं छापायला जाणार आहेत, म्हणून घाई. आगाऊ धन्यवाद.

खडूवाले मास्तर:
ताई, सोमवारच्या आत विचारलंत ते बरं केलंत. दोन्ही लेबलं थांबवा.

'अ बिट' बहुधा कुरकुरीच्या सुरात येतो. अ बिट कोल्ड, अ बिट लेट, अ बिट एक्स्पेन्सिव्ह. 'अ बिट सॉल्टी' म्हणजे खाणाऱ्याला 'मीठ जरा जास्तच पडलंय' असं ऐकू येतं. आपल्याच बाटलीवर आपणच तक्रार छापल्यासारखं. 'रादर सॉल्टी' त्याहून वाईट. (हा 'बिट' मूळचा 'बाइट'चा भाऊ, म्हणजे चावून तोडलेला तुकडा. आपला घासभर.)

'लिटल'चं दुखणं वेगळं. आधी 'अ' असेल तर थोडी साखर आहे. 'अ' गळला की साखर जवळजवळ नाहीच. आपण बोलताना तो 'अ' हमखास गिळतो, वर्गात तीस वर्षं ऐकलंय. तुमच्या आंबापोळीत साखर आहे ना? मग गिऱ्हाईक फसल्यासारखं होईल.

आता तुमच्या कामाचं. किती कमी ते बघू नका, कशाला जोडायचंय ते बघा. वास, पुसट चव, फिका रंग यांना 'फेंट' किंवा 'अ हिंट ऑफ'. मीठमसाल्याला 'अ टच ऑफ'. तिखटाला 'माइल्ड', तिथल्या करीच्या पाकिटांवर हाच शब्द असतो, लोक तो शोधूनच घेतात. 'मार्जिनली' आकड्यांच्या तुलनेला ठेवा, भाव मार्जिनली वाढले वगैरे. 'समव्हॉट' लेबलावर नकोच, काहीतरी लपवतोय असं वाटतं.

आणि आपला 'सर' विसरलात! काळसर, पिवळसर, गोडसर. इंग्रजीत तेच काम 'इश' करतो. तांबूसला सरळ 'रेडिश' लिहा. फक्त स्पेलिंगमध्ये ई आणि दोन डी येतील हे बघा. ए आणि एक डी पडला तर आंबापोळी मुळ्याची होईल.

आमसूल:
मास्तर, मुळ्यावर आम्ही सगळे हसलो :) पण 'अ बिट'चं वाचून पोटात गोळा आला. पहिल्या खेपेनंतर त्या दुकानदाराने लिहिलं होतं, की झाकणांच्या बाबतीत 'वुई वेअर अ बिट डिसअपॉइंटेड'. मला वाटलं, थोडंसंच काहीतरी असेल. आठ दिवस उत्तरच दिलं नाही. तो खरंच रागावला होता का?

बर्मिंगहॅमकर:
हो ताई, चांगलाच. इकडे राहून मला हे कळायला चार हिवाळे लागले. 'अ बिट ऑफ अ प्रॉब्लेम' म्हणाले की मी आता खुर्चीतून उठतोच.

कोरियाच्या युद्धातला किस्सा सांगतात. एप्रिल 1951, इम्जिन नदी. ग्लॉस्टर्स पलटणीला चिनी फौजेने घेरलं होतं. ब्रिटिश ब्रिगेडियर ब्रॉडी यांनी अमेरिकन जनरलला कळवलं, की परिस्थिती 'अ बिट स्टिकी' आहे. अमेरिकन माणसाने शब्दशः घेतलं, थोडी अडचण दिसते, निभावतील. पलटणीचे बहुतेक जवान मारले गेले नाहीतर कैद झाले.

झाकणांचं आजच लिहा. आणि उत्तरात 'स्लाइट इन्कन्व्हीनियन्स' असं चुकूनही नको. त्यांनी स्वतःचा त्रास 'बिट' म्हटला तर तो शिष्टाचार, तुम्ही म्हटलात तर उडवून लावल्यासारखं होतं.

खडूवाले मास्तर:
बर्मिंगहॅमकरांशी सहमत. ताई, हे तुम्हाला परकं नाही. सासूबाई 'भाजी जरा खारट झालीय का गं?' म्हणायच्या तेव्हा तो 'जरा' किती मोठा असायचा?

आमसूल:
ताट सरकवण्याएवढा :)

झाकणांचं पत्र गेलं. नवी झाकणं माझ्या खर्चाने पाठवते असं लिहिलंय, थोडंबिडं काही न घालता. लेबलं आता अशी. आगळ: 'टँगी, विथ अ टच ऑफ सॉल्ट अँड अ फेंटली अ‍ॅस्ट्रिंजंट फिनिश'. आंबापोळी: 'स्वीट, स्लाइटली टार्ट, रेडिश इन कलर'. साखरेची गोष्ट 'शुगर' एवढीच, घटकांच्या यादीत. मिरची: 'माइल्ड, विथ अ हिंट ऑफ बटरमिल्क'. सातातला एकच 'स्लाइटली' उरलाय, तो राहू दे ना?

खडूवाले मास्तर:
राहू दे. मात्र छापखान्यातून प्रूफ आलं की रेडिशचं स्पेलिंग आधी बघा.