‘प्रार्थना करतो’ म्हटलं की झालं का?

नगरचा_वाचक:
आमच्या चर्चच्या मंडळीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर प्रार्थना विनंती आली रे आली की ‘आमेन’ची रांग लागते. डायलिसिसवरच्या एका बंधूंसाठी कित्येक महिने हेच चाललंय. त्यांना आठवड्यातून तीनदा दवाखान्यात नेतं कोण, तर शेजारचा रिक्षावाला. तो मंडळीतलाही नाही! बायबलमधल्या याकोबाच्या पत्राचा दुसरा अध्याय काढा: उपाशी, उघड्या भावाला नुसतं ‘सुखाने जा’ म्हणून वाटेला लावणाऱ्याचा विश्वास तो निर्जीव ठरवतो. ज्याला जाणं शक्य आहे त्याने ‘आमेन’वर भागवणं ही करुणा नव्हे, पळवाट आहे.

केडगाव_लाईन:
पळवाट? जरा जपून. तोच याकोब पाचव्या अध्यायात एकमेकांसाठी प्रार्थना करा म्हणतो. पंडिता रमाबाईंनी १८९६-९७च्या दुष्काळात मध्य प्रांतातल्या उपाशी मुली आणून सांभाळल्या. पुढे १९०५ साली त्यांच्याच केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये शेकडो जणी रोज प्रार्थनेला जमत. तिथे चूलही पेटत होती. प्रार्थनेमुळे हात थांबतात हे तुम्ही कुठून काढलंत?

शंकेखोर:
मी धर्म मानत नाही, तरी एक सांगतो. अमेरिकेत बायपासच्या १८०२ रुग्णांवर अभ्यास झाला, २००६ला छापून आला. प्रार्थना झालेल्यांत ५२ टक्क्यांना गुंतागुंत, न झालेल्यांत ५१. आणि ‘तुमच्यासाठी प्रार्थना होणार’ असं खात्रीने सांगितलेल्यांत ५९! मग उपयोग काय?

वसईची_सून:
त्यात प्रार्थना करणारे परके होते हो. हातात रुग्णाचं नाव आणि आडनावाचं पहिलं अक्षर, बस. आमच्या आजेसासूबाई अंथरुणाला खिळल्यात, पण रोझरी (जपमाळ) घेऊन गावातल्या आजाऱ्यांची नावं घेतात. कुणाची सून बाळंत व्हायचीय, कुणाचा मुलगा आखातात अडकलाय, सगळं पाठ. आठवडाभर बातमी नाही आली तर आम्हाला त्या घरी पिटाळतात. आता त्यांनी काय रिक्षा चालवावी?

नगरचा_वाचक:
आजींना माफ! पण आमच्या ग्रुपवर निम्मे चारचाकीवाले आहेत.

गप्प_बसणारी:
मला वेगळंच खुपतं. विनंतीच्या नावाखाली कुणाचं कर्ज, कुणाचा घटस्फोट चव्हाट्यावर येतो. त्या माणसाला विचारतं कोण? येशूने खोलीत जाऊन दार लावायला सांगितलंय (मत्तय ६), फॉरवर्ड करायला नाही.

शंकेखोर:
हे पटलं. आजींचंही. पण मग काम पिटाळण्याने झालं की रोझरीने?

वसईची_सून:
रोझरी नसती तर नाव आठवलं असतं का?

केडगाव_लाईन:
@नगरचा_वाचक, बंधूंना विचारलंत का ते ‘आमेन’ नकोत म्हणून? माझे वडील केमोच्या वेळी ग्रुप वाचायला आधी चष्मा मागायचे.

नगरचा_वाचक:
वाचायचे, मान्य. पण त्यांना नेत कोण होतं?

केडगाव_लाईन:
मी. माझी कामावरची पाळी असली की चर्चचे पाळकसाहेब. असं करा, पुढच्या विनंतीखाली डायलिसिसचा वार आणि वेळ टाका. कोण गाडी काढतं ते इथे कळवा, मग पळवाटीचं बोलू.