पडलेल्या केळीवर धंदा उभा राहील का?

रावेरकर: जूनच्या वादळात कापणीला आलेली बाग आडवी झाली. पंचनामा झाला, घड मातीमोल गेले. आता खोडं बांधावर ओढायलाही मजुरी! गटातल्या बाया म्हणता, खोडाचा धागा काढू. कोणी केलंय का भो?

फैजपूरचा भाचा: खोड ओलं आहे तोवरच पट्ट्या सोलून मशीनमधून काढा, वाळल्यावर धागा नीट निघत नाही. सावलीत सुकवा. पण आधी गिऱ्हाईक, मग मशीन. आमच्याकडे उलटं झालं, मशीनवर आता कोंबड्या बसता.

धुळ्याची ताई: १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर प्रेमा गोपालन यांच्या 'स्वयं शिक्षण प्रयोग' या संस्थेने बायांना घरबांधणीच्या कामात घेतलं, पुढे त्यांना उद्योगात आणलं. कच्छात २००१ च्या भूकंपानंतर कारागिरांसाठी 'खमीर' ही संस्था उभी राहिली. मदत ओसरल्यावरही ही कामं टिकली, कारण माल खपत होता. नुसत्या दयेवर कोण दुसऱ्यांदा घेतं?

रावेरकर: पटलं ताई. वादळ नसलं तरी घड कापल्यावर खोड पडूनच असतं, म्हणजे कच्चा माल बारमाही. भाचे, तुमचं मशीन विकायचंय का? कोंबड्या सोडून.